तीस मोजा

लिएपायाच्या बंदरात, दोरखंडांच्या गोदामामागे
एक खोली आहे, तिला खिडकी नाही.
तिथे दोन हजार सहा सालचा सर्व्हर राहतो,
बुडालेल्या बँकेकडून किलोच्या भावात घेतलेला.
पंखे इतके घोंगावतात
की आत शिरलेला माणूस आपोआप ओरडून बोलतो.
त्याच्या पोटात बाल्टिक समुद्र आहे:
दर दहा मिनिटांनी एक आकडा,
पाणी किती चढलं, किती उतरलं.

रात्री वीज गेली.
पहाटे आली तेव्हा पडद्यावर नुसती एक आडवी रेघ,
लुकलुकणारी,
कुणी बोलायला तोंड उघडावं
आणि समोरच्याचं नावच आठवू नये, तशी.

"डिस्क गेल्या," रेनार्स म्हणाला.
तेवीस वर्षांचा. हातमोजे काढायचंही भान नाही.
"गेलं काहीच नाही," वेल्टा म्हणाली,
"दार उघडणाऱ्याला आतली लिपी वाचता येत नाही, एवढंच."

खरंच एवढंच होतं.
हा जुना बायोस डिस्कवरून पाचशेबारा बाइट उचलतो,
मूठभर,
आणि त्या मुठीतल्याला उठवून आपण बाजूला होतो.
तो दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला.
तिसरा थोडा शिकलेला,
फाइल-सिस्टिमची जुनी बाराखडी त्याला येते.
आणि गुरुवारी रेनार्सने, चांगल्याच मनाने,
पूल अपग्रेड केला होता.
नवं कॉम्प्रेशन, नव्या सोयी.
इशारा आला होता पडद्यावर. त्याने 'हो' म्हटलं.
आपण सगळेच म्हणतो.

(पूल म्हणजे इथे डिस्कांचा एकत्र साठा.
माझ्या भाषेत तो ओलांडायचा असतो.
आणि बूट पायात घालायचा.
त्या खोलीत दोन्ही अर्थ मला
उगाच खरे वाटत राहिले.)

वेल्टाने झाकण उचललं.
धुळीखाली, पत्र्याच्या आतल्या अंगाला
पेन्सिलीने लिहिलेलं, तालिवाल्दिसचं तिरकं अक्षर:
घाई नको. तिसरी डिस्क उशिरा उठते. तीस मोजा.
तालिवाल्दिसला जाऊन पाच वर्षं झाली.
पेन्सिल अजून पुसली गेली नव्हती.

मदरबोर्डवर, केबलींच्या गुंत्यामागे, एक यूएसबीचं भोक होतं.
वेल्टाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात चार जीबीचा पेनड्राइव्ह,
कुठल्याशा सिमेंट कंपनीने फुकट वाटलेला.
तिने त्यावर जुन्या, साध्या, कुणालाही वाचता येईल
अशा पद्धतीने कर्नल ठेवला,
सोबत नवी लिपी जाणणारं मॉड्यूल,
आणि एका ओळीत, तीस सेकंद थांबण्याची आज्ञा.
"म्हाताऱ्याला शिकवायचं नाही," ती म्हणाली,
"त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची."

बटण दाबलं.
रेनार्स मोठ्याने मोजू लागला. व्येन्स, दिवी, त्रीस...
सतराला एक डिस्क गुरगुरली.
बाविसाला दुसरी.
एकोणतिसाला काही नाही.
तिसाला काही नाही.
वेल्टा मात्र मोजतच राहिली, ओठ न हलवता,
आणि कुठेतरी पस्तिसाच्या आसपास
तिसरी डिस्क खोकली.

मग ओळी धावल्या, पांढऱ्या, भराभर.
पूल सापडला. पूल जोडला. चूक: शून्य.

बोर्डावरची घड्याळाची बॅटरी मेलेली,
त्यामुळे यंत्र एक जानेवारी दोन हजार सहाला जागं झालं.
त्या तारखेला तालिवाल्दिस जिवंत होता.
बहुधा झोपलेला, आदल्या रात्रीची उतरत.
वेल्टाने तारखेकडे बघितलं,
अंमळ जास्तच वेळ,
आणि बदलली.
समुद्राला खोटी तारीख चालत नाही.

सहा तासांच्या नोंदी राहून गेल्या होत्या.
रेनार्स म्हणाला, अलीकडचा आकडा, पलीकडचा आकडा,
मधलं गणिताने भरून काढू?
"रिकामं राहू दे," ती म्हणाली.
"तेव्हा आपण बघत नव्हतो."

सात वाजून चाळीस मिनिटांनी
पहिला आकडा आला.
पाणी चार सेंटीमीटर उतरलं होतं.